नळी झटकली होती का?

चौतीस वर्षं मी एक वायू शोधत होतो. तो मला सापडला नाही आणि त्याबद्दल दर महिन्याच्या एक तारखेला मला पगार मिळत राहिला. लेख इथेच संपवता आला असता. पण संपादकांनी पानं मोकळी ठेवली आहेत म्हणतात, आणि शेवटी शेवटी एकदा, चांगले सात महिने, तो वायू मला सापडला होता. त्या सात महिन्यांचा शेवट कसा झाला ते सांगायला हरकत नाही. आता निवृत्त झालोय, कोण काय करणार?

आधी धंदा समजावून सांगतो. माझं गाव उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलडाणा. दिवेलागणीला कुणा परक्यानं लांबून उंद्रीकडं पाहिलं तर त्याला गावठाणातले दिवे दिसतील आणि तो म्हणेल, गाव एवढंच. शेतकऱ्याच्या पोराला ही चूक करता येत नाही. गावाभोवती शिवार असतं, अंधारात ते दिसत नाही, पण गाव जगतं त्याच्यावर. दीर्घिकांचंही तसंच आहे. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं गावठाण. आपली आकाशगंगा त्यातलीच एक. प्रत्येकीभोवती तिच्या कितीतरी पट पसरलेलं वायूचं शिवार असतं. नवे तारे तयार होतात ते तिथून आलेल्या मालावर. या शिवारातला बराच वायू लाखो अंश तापलेला, पण इतका विरळ, की त्यात हात घातला तरी चटका बसणार नाही. हाताला लागायला तिथं काही असायला तर हवं!

मग असला वायू शोधायचा कसा? त्याच्या मागे, फार लांब, एखादा प्रखर दिवा धरायचा. क्वेसार नावाचे असे दिवे आकाशात आहेत. त्यांचा प्रकाश आपल्याकडं येताना त्या शिवारातून येतो आणि वाटेतले अणू आपापल्या आवडीचा नेमका रंग खाऊन टाकतात. इकडं तो प्रकाश रंगारंगांत पसरवून पाहिला, की तेवढ्या जागी काळी रेघ दिसते, फणीचा दात पडल्यासारखी. कुठला दात पडलाय त्यावरून खाणारा ओळखायचा. मला हवा असलेला खाणारा म्हणजे पाच इलेक्ट्रॉन गमावून बसलेला ऑक्सिजन. इतका लुटला गेलेला ऑक्सिजन गरम वायूतच भेटतो. त्याचे रंग अतिनील, डोळ्यांना न दिसणारे, आणि पृथ्वीचं वातावरण ते खाली येऊच देत नाही. म्हणून दुर्बीण वर अंतराळात, आणि मी खाली पुण्यात, खुर्चीत.

या दुर्बिणीचा वेळ मागावा लागतो. जगभरचे लोक अर्ज करतात, एक समिती बसते आणि बहुतेकांना नम्रपणे घरी पाठवते. तरुणपणी मला पहिल्यांदा वेळ मिळाला तेव्हा संस्थेत मी पेढे वाटले. मग क्वेसारचा पत्ता भरताना आकड्याआधीचं वजाचं चिन्ह विसरलो. त्यामुळं माणसानं बनवलेल्या सगळ्यात नामांकित यंत्रांपैकी एक यंत्र, माझ्या सांगण्यावरून, आकाशातल्या रिकाम्या जागेकडं तासन्‌तास टक लावून बसलं. माहिती आली ती कोरी. मी तीन आठवडे त्या कोऱ्या माहितीत रेघा शोधत होतो. एक जवळपास सापडलीही होती.

रेघ नसली तरी आमच्यात गप्प बसायची पद्धत नाही. 'सापडला नाही, असलाच तर इतक्यापेक्षा कमी आहे' असं शास्त्रशुद्ध भाषेत लिहून छापायचं. याला आम्ही वरची मर्यादा म्हणतो. माझे बहुतेक शोधनिबंध वरच्या मर्यादेचे. कॅन्टीनमध्ये चुकून माझा कप अर्धा आला की शेजारचे म्हणायचे, "चालेल त्यांना. चहा असलाच तर इतक्यापेक्षा कमी आहे, असं लिहून टाकतील."

आणि मग निवृत्तीला वर्षभर उरलं असताना मला रेघ दिसली.

बारीक होती, पण होती. एका लांबच्या दीर्घिकेच्या शिवारात, आजवर जिथं हा वायू कुणाला दिसला नव्हता इतक्या बाहेरच्या बांधावर. खरं तर या ऑक्सिजनच्या रेघा जोडीनं येतात, एक ठळक, एक फिकट. दोन्ही दिसल्या म्हणजे ओळख पटली. माझ्याकडं एकच होती. दुसरीच्या जागेवर नेमकी भलत्याच कुठल्या ढगाची जाड रेघ बसलेली. मी लिहिलं, की दुसरी रेघ त्या जाड रेघेखाली झाकली गेली असावी. माणसाला हवं ते झाकलेलंच असतं. माझ्यासोबत या कामावर आसावरी नावाची संशोधक होती, हुशार आणि कमी बोलणारी. बोलण्याचं काम मी करत होतो. निबंध गेला, तपासनिसांनी दोन-चार शंका काढल्या, मी वयाला शोभेल अशा ठामपणे उत्तरं दिली, आणि तो छापायला मंजूर झाला.

त्या आनंदात मी सगळ्यात मोठी चूक केली. दादाला फोन केला.

शालिग्रामदादा माझा थोरला भाऊ. शेती सांभाळून त्यानं चिखलीच्या धान्यबाजारात सव्वीस वर्षं मापारी म्हणून काढली. आपला भाऊ पुण्यात नेमकं काय करतो हा प्रश्न त्याला तितकीच वर्षं लोक विचारत होते, आणि दर वेळी तो "वरचं पाह्यते" एवढंच सांगून विषय बदलत होता. फोनवर मी "सापडला" म्हणालो मात्र, लगेच दादानं विचारलं, "पक्कं ना बे?"

"पक्कं. छापून येणार आहे."

"मंग रविवारी ये."

मी रविवारी चिखलीहून जीपनं उंद्रीत उतरलो तर फाट्यावरच माझा बॅनर. फोटो माझ्या लग्नातला, मुंडावळ्या कापून काढलेल्या, पण एक गोंडा कानामागं राहून गेलेला. मागं शनीचा ग्रह, कडं घातलेला. शनीचा आणि माझा आयुष्यात संबंध आलेला नाही. खाली लिहिलं होतं: 'उंद्रीच्या सुपुत्राने ब्रह्मांडातील वायू शोधल्याबद्दल जाहीर नागरी सत्कार.' दादानं घरोघर जाऊन आमंत्रण दिलं होतं. मेहकरपासून पाहुणे यायचे होते. कार्यक्रम संध्याकाळी पाचला, ग्रामपंचायतीसमोर.

जेवण झालं, आणि अंगणात बाजेवर बसून दादानं खिशातून कागद-पेन काढलं.

"हं. सांग आता. प्रास्ताविक मले करायचं हाय."

"मीच सांगेन ना माझं."

"तू सांगशीन अन् कोनाले समजन? मले समजलं तं गावाले समजन. सांग."

मी सांगितलं. गावठाण, शिवार, मागचा दिवा, फणीचा दात. वहिनी ओसरीवर सुपात तूर पाखडत होत्या. मधूनच म्हणाल्या, "भाऊजी, म्हंजे येवढ्या मोठ्या शिवारात तुमी येकाच जागी पाह्यलं?"

"एकाच. दिवा जिथं असेल तिथूनच दिसतं."

दादा एकदम ताठ बसला. "हां! आता समजलं. हे तं माह्यंच काम हाय."

त्यानं मला समजावलं. आता बाजू उलटली होती. बाजारात पोत्यातला माल तपासायला कुणी पोतं ओतत नाही. एक टोकदार लोखंडी नळी असते. ती तिरपी पोत्यात खुपसायची, फिरवून बाहेर काढायची आणि तळहातावर उलटी करायची. मूठभर दाणे येतात. त्या मुठीवरून अख्ख्या पोत्याचा निकाल.

"तुहा तो दिवा म्हंजे नळी," दादा म्हणाला. "बरोबर?"

"अगदी बरोबर." मी थक्क झालो. चौतीस वर्षांत मला इतकी नेमकी उपमा सुचली नव्हती.

दादानं कागदावर 'नळी' असं लिहिलं, त्याखाली रेघ ओढली, आणि वर न बघता विचारलं, "झटकली होती का?"

"काय?"

"नळी. आधीच्या पोत्यातले दाणे नळीत चिकटून राह्यतेत. हरबऱ्यातून काढली अन् न झटकता सोयाबीनमधी खुपसली, का सोयाबीनमधी हरबरा निघते. मंग कास्तकार आपल्या सात पिढ्या काढते. नव्या मापाऱ्याची पयली चूक हेच असते. तू झटकली होती का?"

मी हसलो. "झटकली होती दादा. आमच्याकडंही यादी असते." आणि ते खरं होतं. दूरच्या दिव्याचा प्रकाश शेवटी आपल्याच आकाशगंगेच्या शिवारातून दुर्बिणीत येतो. म्हणजे आपल्या घरचे दाणे नळीत असणारच. कुठला घरचा अणू कुठल्या जागी रेघ पाडतो याची छापील यादी असते. त्या रेघा आधी खोडायच्या आणि उरलेल्या तपासायच्या. मी सगळ्या खोडल्या होत्या.

"जागच्या जागी बसलेल्या दाण्याची यादी असन," दादा म्हणाला. "पन नळी हलवली का दाने सरकतेत."

मी हसायचं थांबलो.

आपल्या आकाशगंगेच्या शिवारात काही ढग स्वस्थ बसलेले नसतात. सेकंदाला काही शे किलोमीटर वेगानं ते आपल्याकडं धावत येतात. धावत येणाऱ्याची रेघ आपली जागा सोडून निळ्या बाजूला सरकते. असल्या ढगातल्या सिलिकॉनची एक रेघ सरकून सरकून नेमकी माझ्या ऑक्सिजनच्या खुर्चीत बसू शकते. हे मला माहीत होतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे शिकवत होतो. यादी मात्र मी जागच्या जागी बसलेल्यांचीच घेतली होती.

"आलोच," म्हणालो आणि आतल्या खोलीत, सोयाबीनच्या पोत्यांवर लॅपटॉप ठेवून बसलो. तपासणी सोपी होती. सिलिकॉन काही एकाच जागी रेघ पाडून थांबत नाही. त्याच्या ठरलेल्या आणखी रेघा असतात. माझी रेघ सिलिकॉनची असेल तर बाकीच्याही तितक्याच सरकलेल्या सापडायला हव्यात. रंगांच्या पट्ट्याच्या ज्या टोकाला त्या असणार होत्या, ते टोक मी महिनोन्‌महिने उघडलंच नव्हतं. तिथं माझ्या कामाचं काही नव्हतं ना!

उघडलं. एक होती. दुसरी होती. तिसरी तर इतकी ठसठशीत होती की मला ती ओळखीचं हसल्यासारखी वाटली.

वहिनी चहा घेऊन आल्या. माझ्याकडं पाहून कप पोत्यावर ठेवला. "काय झालं भाऊजी? लाइट गेली का कम्पुटरची?"

"वहिनी, तो वायू तिकडचा नाही. आपलाच निघाला."

"मंग वाईट काय झालं? आपलाच हाय तं."

असं सांत्वन मला विज्ञानाच्या इतिहासात दुसरं आढळलेलं नाही.

दादा आरशासमोर टोपी नीट करत होता. मी सांगितलं. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. खाली मांडवातून माइक तपासल्याचा आवाज येत होता, "ह्यालो, ह्यालो."

"पक्कं?" दादानं विचारलं.

"या वेळी पक्कं."

"आज काही बोललाच नाही तं? इथं कोनाले समजते?"

हा प्रश्न मीही मघापासून स्वतःला विचारत होतो, फक्त माझा जास्त शिकलेला होता. इथं तर कुणालाच कळणार नव्हतं. पण तपासनिसांनाही कळलं नव्हतं. निबंध छापून आला असता, पाच महिन्यांनी मी निवृत्त झालो असतो, आणि पुढं कधीतरी कुणी चूक काढली असती तेव्हा मी मजेत नातवंडांना शनीचं कडं दाखवत असतो. आयुष्यात एक शोध लागला होता. तो मुंडावळ्या कापलेल्या फोटोसकट फाट्यावर टांगलेला होता.

"दादा, तू हरभरा निघालेल्या पोत्यावर सोयाबीन म्हणून शिक्का मारला असतास?"

"माह्यावर कायले घेतं बे?" दादा चिडला. "मी मापारी होतो. माह्या मांगं तीनशे लोक बसले नव्हते सत्काराले." मग टोपी सारखी करत म्हणाला, "चाल. उशीर होऊन राह्यला."

काय करायचं ते त्यानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मांडव भरला होता. सरपंचताईंनी शाल पांघरली, नारळ दिला, माझ्या हस्ते काय काय झालं. दादाचं प्रास्ताविक ठरलं होतं. तो उठलाच नाही. "आता सत्कारमूर्तीच बोलतीन," असं सरपंचताईंनी जाहीर केलं. मी उभा राहिलो. पुण्यात बसल्या बसल्या जगभरच्या विद्वानांसमोर बोललेला माणूस मी, एका हातात नारळ आणि दुसऱ्यात माइक.

"मंडळी, ज्या शोधासाठी तुम्ही मला शाल घातली, तो शोध आज दुपारी तीन वाजता चुकीचा निघाला."

कुणीतरी टाळी वाजवली. बहुतेक सवयीनं. मग मी सगळं सांगितलं, शिवार, दिवा, धावणारा ढग. पुढच्या रांगेतले सुदामआबा, वडिलांच्या बरोबरीचे, काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "म्हंजे तिकडं गरम वायू नाईच?"

"असेल आबा. मला दिसला नाही."

"न दिसनं तं मले बी येते. मले मोतीबिंदू हाय. मले काऊन नाही बोलावलं सत्काराले?"

मांडव जो हसला, तो मला वाटतं चिखलीपर्यंत ऐकू गेला असेल. मी नारळ हातात धरून उभा. दादाकडं बघायची हिंमत नव्हती. घरोघर तोच फिरला होता. उद्यापासून बाजारात त्यालाच तोंड दाखवायचं होतं.

आणि दादा उठला. माझ्या हातातून माइक घेतला, म्हणजे ओढलाच.

"हसून घ्या," तो म्हणाला. "आता आयका. ह्यानं कुठली दुर्बीण वापरली? अंतराळातली. ह्याचं तपासलं कोनी? परदेशातल्या लोकाईनं. त्याईले चूक सापडली का? नाही. मंग सापडली कुठं? ह्याच गावात, माह्या अंगणात, बाजीवर. कोनाले सापडली?" इथं त्यानं थांबून मांडवभर पाहिलं. "मले!"

मग त्यानं नळी सांगितली. हातवारे करून, पोतं दाखवून, तिरपी कशी खुपसायची, कशी फिरवायची, कशी झटकायची. बाजारात जन्म गेलेली माणसं होती ती. माझ्या वीस मिनिटांत जे कळलं नव्हतं ते त्यांना दोन मिनिटांत कळलं. "अरे हो ना, झटकाच लागते," असं चारही बाजूंनी सुरू झालं. सुदामआबा मला म्हणाले, "येवढं साधं तुले कसं नाही समजलं रे?" सरपंचताई पुढं आल्या, त्यांनी अत्यंत सहजपणे माझ्या खांद्यावरची शाल काढली आणि दादाला पांघरली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला वाटलं होतं दादा संकोचेल, नको म्हणेल. त्यानं शाल दोन्ही खांद्यांवर सारखी करून घेतली आणि नारळासाठी माझ्याकडं हात केला.

सोमवारी सकाळी मी आसावरीला फोन लावला आणि निबंध मागे घेऊ या म्हणालो, कारणही सांगितलं. मला वाटलं तिला रडू येईल. पण तिचा आवाज शांत होता.

"सर, मी मार्चमध्येच विचारलं होतं तुम्हाला. सिलिकॉन असेल का म्हणून. ईमेल आहे."

"मी काय म्हणालो होतो?"

"'या बाबतीत तीस वर्षांचा अनुभव काय सांगतो ते तुला पुढे कळेल', असं."

या लेखातल्या बाकी सगळ्या चुका मी चारचौघांत हसत सांगतो. ही तेवढी सांगता येत नाही. तिनं बरोबर शब्दांत, बरोबर जागी बोट ठेवून विचारलं होतं आणि मी ऐकलं नाही. ऐकलं कुणाचं, तर ज्याच्यासमोर मला वयाचा रुबाब करता येत नव्हता त्याचं.

निबंध मागे घेतला. तीच माहिती पुन्हा तपासून, सगळ्या सरकलेल्या रेघा खोडून, वर्षअखेर नवा निबंध गेला आणि छापूनही आला. निष्कर्ष: तिथं गरम वायू सापडला नाही, असलाच तर इतक्यापेक्षा कमी आहे. पहिलं नाव आसावरीचं, दुसरं माझं, आणि शेवटी आभारांत उंद्रीच्या शालिग्राम यांचं, 'एका निर्णायक प्रश्नासाठी'. मी त्याची प्रत दादाला पाठवली. तोवर चिखलीच्या बाजारात दादाची कीर्ती फार पसरली होती. परदेशातल्या लोकांना सापडली नाही ती चूक धरणारा माणूस म्हणून लोक त्याला चहा पाजत होते, आणि मला कळलं त्याप्रमाणं, दर कपागणिक त्या दुर्बिणीचा आकार वाढत होता.

प्रत पोचल्यावर त्याचा फोन आला.

"माह्यं नाव सगळ्यात शेवटी काऊन?"

"आभार शेवटीच असतात दादा."

"अन् पयलं नाव कोनाचं हाय हे? बाईचं दिसते."

"आसावरी. माझ्याबरोबर काम करते. ती चूक खरं तर तिनं आधी धरली होती, तुझ्या किती तरी महिने आधी. मीच ऐकलं नाही."

मागं वहिनींच्या भांड्यांचा आवाज येत होता. दादा अगदी हळू आवाजात म्हणाला, "पोरगी हुशार हाय. तिचं नाव वरच ठेव."

"वरच आहे."

"पन वसंता," तो म्हणाला, "हे गावात नको सांगू."